खोबरेलवरची गाडी आणि कमिशनर

माझ्याइतकं इंजिन कळणारा माणूस अख्ख्या सांतो बेटावर दुसरा नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही! त्या वर्षी डिझेलचं जहाज आज येईल, उद्या येईल करत आलंच नाही. कॅनल या आमच्या शहरातल्या पंपावरचा माणूस पंपाला पाठ टेकून घोरायला लागला. बाकीचे ड्रायव्हर नशिबाला बोल लावत बसले. मी मात्र वर बघितलं. वर नारळ होते! आमच्याकडे नारळ इतके, की डोक्यात पडू नयेत म्हणून वाट वाकडी करून चालावं लागतं. आणि आम्ही तेलासाठी समुद्राकडे डोळे लावून बसलेलो!

"मर्थीना!" मी बायकोला हाक मारली. "उद्यापासून आपली गाडी खोबरेलवर चालणार!"

"त्यातलं थोडं आधी तुझ्या टाळूवर थाप," ती म्हणाली.

हसा, हसा. पण हा वेडेपणा नव्हता. डिझेलचं इंजिन खाण्यापिण्याच्या बाबतीत भलतं सोशीक असतं. तेल जमिनीतलं की झाडावरचं, ते विचारत नाही. पातळ आणि गरम असलं म्हणजे झालं. अडचण एकच, खोबरेल गारठ्यात थिजतं. म्हणून मी पिकअपच्या मागे बिअरचा एक जुना पिंप बसवला. त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडलं आणि इंजिनाचं उकळतं पाणी त्यातून फिरवलं. सीटजवळ एक तोटी. सकाळी घोटभर डिझेलवर गाडी सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवायची, की खोबरेल चालू! थांबायच्या आधी तोटी उलटी फिरवायची आणि नळ्यांना डिझेलची चूळ भरायला लावायची. झालं!

आणि गाडी चालली हो! नुसती चालली नाही, पळाली. फक्त एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. धुराला वास यायचा, आणि तो वास थेट लापलापचा! तापलेल्या दगडांवर, पानांत गुंडाळलेला कंदाचा लगदा नारळाच्या दुधात शिजत असावा, अगदी तसा. मी गावातून गेलो की पोरं ताटल्या घेऊन मागे पळायची. रविवारी चर्चसमोरून गेलो तर पाद्रीबाबांनी प्रार्थना अर्ध्यावर आटोपली. नाकामालात तर दंगाच झाला. तिथं संध्याकाळी पुरुष मंडळी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसतात, आणि कावा उपाशीपोटीच प्यायचा असतो. मी दोनदा दारावरून गेलो आणि मंडळी कावा सोडून जेवायला घरी पळाली.

"गाराए," गावचा मुख्य म्हणाला, "उजेड असेपर्यंत कुठं हिंडायचं ते हिंड. संध्याकाळी ही तुझी चूल या रस्त्यानं न्यायची नाही!"

तेवढं सोडलं तर माझा डंका वाजत होता. तेल कुठलं, म्हणाल? सासूबाईंचं.

सासूबाईंचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात जावई सासूचं नाव घेत नाही, तिच्याशी थेट बोलत नाही, तिच्याकडे तोंड करून उभाही राहत नाही. तीही जावयाशी बोलत नाही. मान असतो तो. काही सांगायचं झालं तर मधे कुणीतरी लागतं. आमच्या घरी मधे मर्थीना असायची. ती नसली तर माझा मेहुणा तोआ. आणि तोही नसला तर कमिशनर.

कमिशनर म्हणजे सासूबाईंचा डुक्कर. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोट पुढं काढून चालायचा, पुढ्यात येईल ते खायचा आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायचा नाही, म्हणून कमिशनर! त्याचे वरचे सुळे लहानपणीच काढले होते, त्यामुळे खालचे वाढत वाढत बांगडीसारखे गोल वळले होते. असे सुळे वळायला वर्षंच्या वर्षं लागतात. अशा डुकराला धड चावता येत नाही. सासूबाई त्याला अळूचा कंद स्वतः चावून मऊ करून भरवायच्या. रोज! तोआ शाळेत होता तेव्हापासून. कारण तो डुक्कर तोआच्या लग्नात मुलीच्या माणसांना द्यायचा होता.

आणि ते लग्न काही होईना. मुलगी एव्हलिन, वर पठारावरच्या वुलेवू गावची. पहिल्यांदा तारीख ठरली आणि वादळ आलं. दुसऱ्यांदा ठरली आणि त्यांच्यात एक म्हातारा गेला. तिसऱ्यांदा एव्हलिनचा मामा बुले आमच्या अंगणात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "आता शेवटचं सांगतो. शनिवारी सूर्य डोक्यावर यायच्या आत तो सुळेवाला डुक्कर आमच्या चौकात दिसला पाहिजे. नाही दिसला, तर संध्याकाळच्या जहाजानं भाचीला घेऊन मी पेंटेकोस्ट बेटावर निघालो. तिथंही मुलं आहेत!"

तोआचं त्या दिवसापासून जेवणात लक्ष राहिलं नाही. आणि कमिशनरचा कंद सासूबाई जरा जास्तच वेळ चावायला लागल्या. त्यांना एकच मुलगा आणि त्याला एकच मुलगी आवडलेली. मला फार वाईट वाटायचं हो. पण सांगणार कुणामार्फत? डुकराला?

शुक्रवारीच सगळी वरात पुढं गेली. चुलत भावाकडे शेवटचं पिंपभर डिझेल लपवलेलं होतं. त्याच्या ट्रकमध्ये चटया, कंद, कोंबड्या आणि माणसं कोंबून सगळे निघाले. कमिशनर गर्दीत बिथरतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीनं यायचा होता, आणि तो सासूबाईंशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून सासूबाईही.

"वेळेवर ये, गाराए," मर्थीना ट्रकमधून म्हणाली. "तोआचं सगळं तुझ्यावर आहे."

"माझ्यावर नाही, माझ्या इंजिनावर!" मी छाती ठोकून म्हणालो.

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी बाहेर आलो तर काय गारठा! जुलै महिना, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, समुद्रावरून बोचरं वारं. सासूबाईंनी गाडीसाठी काढलेलं तेल माळ्याखालच्या कॅनमध्ये थिजून पांढरा दगड झालेलं. आता ते कधी वितळणार आणि मी कधी निघणार? तेवढ्यात चुलीजवळ एक कॅन दिसला. हलवून बघितला तर आत तेल डुचमळत होतं! मी म्हटलं, वा! शेवटी सासू कुणाची! जावयासाठी पहाटे उठून तेल वितळवून ठेवलं!

तरी विचारलेलं बरं. सासूबाई मागच्या बाजूला कमिशनरला भरवत बसल्या होत्या. मी रीतीप्रमाणे त्यांच्याकडे पाठ केली आणि मोठ्यानं म्हणालो, "कमिशनर, चुलीजवळचं तेल मी गाडीत ओततो. चालेल ना?"

उत्तर नाही. आता आमच्यात 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, नुसत्या भुवया वर करायच्या. तेव्हा आवाज आला नाही म्हणजे होच असणार! मागे पाय आपटल्याचा आवाज आला खरा, पण मला वाटलं कोंबड्या हाकलताहेत. टाळ्याही वाजल्या. म्हटलं, खुशीत आहेत! मी कॅन उचलला आणि सगळाच्या सगळा पिंपात रिकामा केला.

त्यांच्या तोंडात त्या वेळी कमिशनरचा अर्धा चावलेला कंद होता, हे मला पाठीला डोळे नसल्यामुळे दिसलं नाही.

सासूबाई मागे चटईवर, शेजारी दोरीनं बांधलेला कमिशनर, पुढं मी एकटा. निघालो. इंजिन तापलं, तोटी फिरवली आणि अहाहा! काय सुगंध सुटला म्हणून सांगू! आज लापलापचा वास नाही. चाफा, तुळशीसारखी कसली पानं, काय काय! मला वाटलं, इंजिन सुधारलं! रोज खोबरेल पिऊन त्याची तब्येत बदलली! रस्त्याकडेच्या बायका हातातली कामं टाकून उभ्या राहायला लागल्या.

"कुणाचं लग्न गं?" एकीनं ओरडून विचारलं.

"तोआचं!" मी खिडकीतून ओरडलो. मनात म्हटलं, बघा, बातमी माझ्या आधी पोचली!

तेवढ्यात टपावर धाड धाड आवाज सुरू झाला. एरवी मागच्या उतारूनं टप वाजवला की गाडी थांबवायची. पण मागे उतारू कुठं होता? मागे सासूबाई होत्या, आणि त्या जावयाच्या डोक्यावरचा टप कशा वाजवतील? म्हणजे कमिशनर सुळे आपटत असणार! वळणावर बिथरला असेल. त्याला फार वेळ त्रास नको म्हणून मी गाडी आणखी पळवली. धाड धाड वाढलं. मी आणखी पळवली. अशी त्या दिवशी माझ्या गाडीनं जी धाव घेतली, ती नवी असतानासुद्धा घेतली नसेल!

पठाराचा चढ लागला आणि धुकं सुरू झालं. अर्ध्या चढावर इंजिन खोकलं. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा खोकलं. मी तोटी डिझेलकडे फिरवली. पण डिझेल मी घोटभरच ठेवलं होतं, आणि तो घोट सकाळी सुरू करतानाच संपला होता. इंजिनानं एक उसासा सोडला आणि गाडी उभी राहिली.

मी उतरून बॉनेट उघडलं. फिल्टर काढला. आत जे काही होतं ते मी आजपर्यंत कुठल्याही गॅरेजात बघितलं नव्हतं. फुलांच्या पाकळ्या! चुरगळलेली पानं! आणि त्याभोवती गारठ्यानं घट्ट बसलेलं पांढरं तेल. नळ्याही गच्च. मी पाकळ्या बघत उभा, आणि मागून पहिल्यांदाच आवाज फुटला.

"कमिशनर!" सासूबाई कडाडल्या. "सांग तुझ्या त्या ड्रायव्हरला, की त्यानं गाडीत नवरीचं तेल ओतलंय!"

मी चटकन त्यांच्याकडे पाठ केली. "कमिशनर, त्यांना विचार, नवरीचं तेल म्हणजे?"

"सांग त्याला, की पौर्णिमेपासून फुलं मुरवत ठेवलेलं तेल! सासूनं सुनेच्या डोक्यावर घालायचं तेल! त्याशिवाय ती आमच्या घरची होत नाही, ते तेल!"

मी हातातला फिल्टर छातीशी लपवला. "कमिशनर, मी विचारलं होतं म्हणावं! तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्याला सांग, तोंडात तुझा घास होता, कमिशनर! थुंकून बोलले असते तर तू उपाशी राहिला असतास! पाय आपटले, हात आपटले, वाटेत टप बडवला! माणूस आहे की खांब?"

"टप त्यांनी वाजवला? मला वाटलं, तू वाजवलास, कमिशनर!"

"मला डुक्कर म्हणतोय बघ!"

"नाही! कमिशनर, नाही म्हणावं! तसं नाही!"

धुक्यात सूर्य कुठं आहे ते दिसत नव्हतं, पण वर वर सरकत असणार. वुलेवू वरच्या दोन वळणांपलीकडे. तिथं तोआ वाट बघत बसलेला, आणि खाली बंदरात जहाज. माझा बढाईखोरपणा तिथंच गळून पडला. सासूबाईंचा आवाजही एकदम बारीक झाला. "कमिशनर," त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, काहीतरी कर रे. तुला गाड्यांतलं कळतं म्हणतोस ना?"

तेवढं पुरे होतं! मी विचार केला. तेल थिजलंय, म्हणजे ऊब हवी. उघडा जाळ लावला तर गाडीसकट आम्ही वर जाऊ. मग आमच्यात ऊब कशानं देतात? दगडांनी! मी रस्त्याकडेला जाळ केला, दगड तापवले, केळीची पानं तोडली आणि तापलेले दगड पानांत गुंडाळून पिंपाभोवती, नळ्यांभोवती, फिल्टरभोवती बसवायला लागलो.

"कमिशनर, त्याला सांग, पानं अशी नाही गुंडाळत! शीर बाहेर हवी!"

"कमिशनर, हे लापलाप नाही म्हणावं, गाडी आहे!"

"मग शिजवतोय कशाला?"

"वितळवतोय!"

"वितळतं का बघ आधी! दगड सुटतोय! धर तो! अरे, उजवीकडचा!"

"हा?"

"हा नाही, तो! तुझ्या पायाजवळचा! भाजेल, बाबा, लांब हो!"

"तुम्ही पान धरा, मी दगड ठेवतो!"

"धरलंय! ठेव लवकर!"

असं आमचं जोरात चाललेलं. पान, दगड, पान, दगड. बोलण्यातून कमिशनर केव्हा गळला, आम्हा दोघांनाही कळलं नाही. हळूहळू पिंप कोमट झाला, पाकळ्यांचा आणि भाजल्या पानांचा वास चढत्या वाऱ्याबरोबर वर वुलेवूला गेला.

आणि वुलेवू खाली आलं!

धुक्यातून आधी आरडाओरडा आला, मग मामा बुले, मागे त्याची सगळी माणसं. "हे बघा!" मामा किंचाळला. "आम्ही वर कालपासून उपाशी बसलोय! डुक्कर आल्याशिवाय घास घेतला नाही! आणि ही मंडळी वाटेत बसून लापलाप खाताहेत! वरपक्षाला लाज आहे का?"

"मामा, हे लापलाप नाही," मी म्हणालो.

"पानं आहेत, दगड आहेत, वास आहे! मग काय आहे?"

"गाडी आहे!"

मामानं एक पान उचलून बघितलं. खाली खरंच गाडी होती. लगेच त्यानं भांडायला दुसरं कारण धरलं. "आणि तू! सासूशी तोंड वर करून बोलत होतास! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं! 'तुम्ही पान धरा, मी दगड ठेवतो!' ज्यांच्या घरी एवढाही मान राखत नाहीत, तिथं मी भाची देऊ?"

आता मात्र माझा धीर सुटला. पण सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. मामाशी त्या थेट बोलू शकत होत्या. "आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो," त्या म्हणाल्या. "आम्ही कमिशनरशी बोलत होतो."

"कोण कमिशनर?"

"आमचा डुक्कर. तुम्हाला द्यायचा तो."

"कुठं आहे?"

आम्ही सगळ्यांनी गाडीच्या मागे बघितलं. चटई होती. दोरीचं टोक होतं. कमिशनर नव्हता.

धुक्यात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सासूबाई रस्त्यावरच खाली बसल्या. आवाज न करता रडायला लागल्या. तोआ लहान होता तेव्हापासून तोंडातला घास काढून पोसलेला डुक्कर, आणि तो नेमका आजच्या दिवशी हरवला! मी त्यांच्याकडे बघायचं नसतं हे विसरून बघत राहिलो. त्या क्षणी माझी गाडी, माझा पिंप, माझी तोटी, सगळं समुद्रात फेकून द्यावंसं वाटलं.

"झालं तर मग," मामा म्हणाला. "डुक्कर नाही, लग्न नाही. मी एव्हलिनला सामान बांधायला सांगतो."

"सांगायला कशाला जाता मामा, मी इथंच आहे!"

वरच्या वळणावरून एक मुलगी येत होती. केसांत फुलं, पायांत चिखल, हातात अर्धा कंद. आणि तिच्या मागे, एखाद्या पाळीव कुत्र्यासारखा, कमिशनर! तिनं हातातल्या कंदाचा तुकडा तोडला, स्वतः चावला, मऊ केला आणि त्याच्या तोंडात घातला. सासूबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"हा मघाशी एकटाच चालत आमच्या चौकात आला," एव्हलिन म्हणाली. "आला आणि बरोबर डुक्कर बांधायच्या खांबापाशी जाऊन झोपला. तुम्ही सगळे इकडे भांडायला आलात, तिथं त्याला बघायलाही कुणी नव्हतं. मग मीच चारलं."

"एकटा आला तर काय उपयोग?" मामा म्हणाला. "डुक्कर आणायचा असतो!"

"मामा, तुम्ही काय म्हणाला होतात? सूर्य डोक्यावर यायच्या आत डुक्कर चौकात दिसला पाहिजे. दिसला. मी पाहिला. माणसं दिसली पाहिजेत असं काही ठरलं नव्हतं."

मामानं वर बघितलं. धुकं विरत होतं आणि सूर्य नेमका डोक्यावर यायचा होता, अजून आला नव्हता.

"आणि हा जो सासूशी बोलत होता, त्याचं काय?"

"डुक्कर गेलाय हे त्या दोघांना ठाऊक होतं का?" एव्हलिननं विचारलं. "नव्हतं. मग त्यांच्या मते ते डुकराशीच बोलत होते. ऐकायला डुक्कर थांबला नाही, हा दोष डुकराचा!"

मामानं डोकं खाजवलं. मग हसला. मामा हसला म्हणजे सगळे हसले. मला तर त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती माझ्या मेहुण्याची होणारी बायको, तेव्हा कमिशनरच्या पाया पडलो. त्यानं सुळा मारला.

राहिलं तेल. ते माझ्या पिंपात. सासूबाईंनी नारळाच्या झावळीचं जाळीदार कापड घेतलं, मी तळाची तोटी सोडली, आणि तेल गाळून एका करवंटीत धरलं. मग मी फिल्टर झटकून बसवला, मामाच्या माणसांनी ढकललं आणि उरलेल्या तेलावर गाडी खोकत वर चढली. वुलेवूच्या चौकात सगळ्यांसमोर सासूबाईंनी ते एव्हलिनच्या डोक्यावर घातलं. बायका गायल्या. तोआनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं. फक्त मामानं जवळ येऊन भाचीला आशीर्वाद देताना नाक आक्रसलं.

"फुलं कुठली आहेत ही?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडची," सासूबाई म्हणाल्या. "समुद्राकाठी होतात."

त्या फुलांना थोडा गॅरेजचा वास येत होता, पण एव्हलिन एका शब्दानं बोलली नाही.

ऊन उतरताना आम्ही परत निघालो. बाकीची मंडळी भांडी आवरून मागाहून येणार होती. नव्या सुनेला सासूनं स्वतः घरी न्यायचं असतं, म्हणून मागे चटईवर सासूबाई आणि एव्हलिन, पुढं माझ्या शेजारी तोआ. त्यानं लग्नाच्या आनंदात इतका कावा प्यायला होता, की बसल्या बसल्या निजला. कमिशनर आता वुलेवूचा झाला होता. सासूबाईंनी निघताना त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग चढावरची दोन वळणं त्या मागे बघत राहिल्या. माझ्या मनात आलं, आता या घरात माझ्याशी बोलायचं तर मधे कोण?

उतारावर गाडी आपल्या वजनानंच घरंगळत आली. खाली सपाटीला लागलो, आणि शेवटच्या पाकळ्यांनी दावा साधला. इंजिन खोकलं, एक उसासा, आणि नारळांच्या मधोमध आम्ही ठप्प. तोआ घोरत होता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. बसलो कसला, लपलो!

आणि मागे सासूबाई सुरू झाल्या. आज मधे डुक्कर नाही, आवाज चढवला तर अडवणारं कुणी नाही. त्या सुनेला सांगत होत्या, आणि ते मला ऐकू यावं याची पुरेपूर काळजी घेत होत्या. हा माणूस म्हणे जन्माला आला तोच उलटा! याच्या डोक्यात तेल घातलं असतं तर गाडीत घालायची वेळ आली नसती! यानं एक बिअरचा पिंप फुकट घालवला, माझी फुलं जाळली, माझ्या डुकराला पायी पाठवलं! माझी मर्थीना एवढी शहाणी पोर, आणि तिनं याला काय बघून होकार दिला, ते तिलाच ठाऊक! मधेच एकदा "पण दगडांचं बरं सुचलं" असंही काहीतरी आलं, पण ते लगेच पुढच्या शिव्यांखाली दबलं. सूर्य नारळांच्या मागे गेला तरी त्यांचं संपेना.

शेवटी दम लागला म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "जा, सांग त्याला."

केबिनच्या मागच्या खिडकीत एव्हलिनचं तोंड आलं. तेलानं चमकणारे केस, आणि त्यांतून येणारा तो वास. नव्या घरात पहिल्यांदा निरोप पोचवायची जबाबदारी तिच्यावर आली होती. तिनं गळा साफ केला.

"आई म्हणतात," ती म्हणाली, "गाडी छान चालवता."

मी मागे वळून बघितलं नाही. पण मला एकदम भरून आलं हो! एवढ्या वर्षांत कमिशनरनं मला कधी इतकं सांभाळून घेतलं नव्हतं.

"आणि बाकीचं?" मी हळूच विचारलं. "बराच वेळ बोलत होत्या."

"बाकीचं मला नीट ऐकू आलं नाही, दादा," एव्हलिन म्हणाली. "इंजिनाचा आवाज फार होतो ना!"